बसायच्या जागेचं दुखणं

"पेशंटबरोबर कोण आलंय?" डॉक्टर तांबोळी मॅडमनी कागदांवरची नजर न काढता विचारलं.

"ही आलीया. माझी सून," आबा म्हणाले. "काय असंल ते हिला सांगा." आणि टोपी सारखी करून, मॅडम काही बोलायच्या आत ते दार ढकलून बाहेर निघून गेले.

मॅडम आधी दाराकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "अहो, आजार त्यांना आहे. ऐकायला ते नकोत?"

लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण आबा आणि मी एकमेकांसमोर बसून दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. स्वयंपाकघराकडं यायचं झालं तर ते अंगणातूनच खाकरायचे. मी पदर सावरून बाजूला व्हायचे. भाकरी हवी असली तर ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे, 'वाढ' असंही म्हणायचे नाहीत. त्यात राग नव्हता की अढी नव्हती. सासरा आणि सून यांनी असंच वागायचं असतं, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं. सासूबाई होत्या तोवर मधे बोलणारं माणूस होतं. त्या गेल्या आणि आमच्यातलं बोलणं भाकरी-पाण्यापुरतं उरलं.

आणि दुखणं निघालं ते असल्या जागी.

दौलत वायदंडे हे आबांचं नाव तेव्हा तासगावपासून जतपर्यंत लग्नघरांना माहीत होतं. त्यांचा बँड होता. पांढरा कोट, खांद्यावर लाल झालरी, हातात क्लॅरनेट. वरात देवळापाशी आली की बाकीचा बँड थांबायचा आणि आबा एकटेच वाजवायचे. म्हाताऱ्या बायका रडायच्या. असा माणूस दोन वर्षं गुपचूप रक्त सोसत होता आणि आम्हाला धड पत्ता नव्हता. आपलं धोतर आपणच धुवायचे, तेव्हा वाटायचं, सुनेला कशाला त्रास म्हणून धूत असतील. मग लग्नातल्या पंगतीला ते बसेनासे झाले. उभ्यानंच चहा प्यायचे. "मूळव्याध हाय," एवढंच एकदा माझ्या नवऱ्याला, बजरंगला, त्यांनी सांगितलं. बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका वैदूची पूड घेतली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून दुसऱ्या एकाकडं जाऊन त्या जागी औषधाचा धागा बांधून आले. धाग्यानंतर ताप भरला आणि मग त्यांना मिरजेला आणल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही.

मॅडमनी एक कोरा कागद ओढला, पेनानं एक नळी काढली आणि नळीच्या टोकाला एक गोल. "हे गुदद्वार," त्या म्हणाल्या. माझी मान आपोआप खाली गेली. "ताई, वर बघा. नाक, कान, तसंच हे. तुम्हीच लाजलात तर त्यांना कोण सांगणार?"

मी वर बघितलं.

"ही मूळव्याध नाही. या जागेचा कॅन्सर आहे. तुकडा तपासून आलाय. जांघेतही एक गाठ आहे, पण अजून लांब कुठं पसरलेला नाही."

"मग कापून काढा," मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं.

"सगळे असंच म्हणतात. पूर्वी कापूनच काढायचे. खालची वाट कायमची शिवून टाकायची, आणि पोटावर भोक पाडून आतडं तिथं जोडायचं. त्यावर पिशवी. जन्मभर. आता आधी तसं करत नाही. आता किरणं आणि केमोची औषधं दोन्ही एकत्र देतो. सोमवार ते शुक्रवार रोज किरणं, पाच-साडेपाच आठवडे. बऱ्याच जणांची गाठ त्यानंच विरघळते आणि जागा वाचते. माणूस पूर्वीसारखा शौचाला जातो."

"आणि न्हाई विरघळली तर?"

"तर मग ऑपरेशन. पण ते नंतरचं." मॅडम थांबल्या. "पण एक सांगते. ही किरणं सोपी नाहीत. तिथली कातडी भाजल्यासारखी होईल. बसणं, चालणं, शौचाला जाणं, सगळ्याचे हाल होतील. मधेच सोडायचं नाही. सोडलं तर सोसलेलं सगळं वाया."

मी बाहेर आले. आबा सायकलस्टँडजवळच्या भिंतीला खांदा टेकून उभे होते. मला बघून त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मी जिन्यापाशी जाऊन बजरंगला फोन लावला. तो ट्रकवर होता, वापीच्या पुढं कुठंतरी.

सगळं ऐकून तो म्हणाला, "तूच सांग त्यास्नी."

"मी कसं सांगू? सासरं हायत माझं."

"मग डॉक्टरीणबाईला सांग सांगायला."

"त्या सांगत हुत्या की. ते उठून गेले."

बराच वेळ नुसते हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "शालन, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं गं. माल उतरल्याबिगर मला येताबी यायचं न्हाई." त्याचा आवाज फाटला होता. मी फोन ठेवला.

मी आबांपासून चार हात लांब उभी राहिले. तेही माझ्याकडं बघत नव्हते, मीही त्यांच्याकडं बघत नव्हते. दोघंही समोरच्या स्कूटर बघत होतो.

"मूळव्याध न्हाई, आबा. कॅन्सर हाय."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूच विचारलं, "घशाचा न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"छातीचा?"

"न्हाई. त्याच जागंचा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग वाजवाय यील," ते म्हणाले.

बाकीचं मी स्कूटरींनाच सांगितलं. किरणं, औषधं, पाच आठवडे. पिशवीचंही सांगितलं, कारण मॅडमनी लपवू नका म्हटलं होतं. पिशवीचं ऐकून ते म्हणाले, "ते नगं. ती किरणं काय असतील ती करू."

माझ्या पोरींना मी माहेरी ठेवलं आणि दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. एक कॉट, एक स्टोव्ह, कोपऱ्यात मोरी आणि बाहेर सामाईक संडास. रात्री मी मालकिणीच्या ओसरीवर झोपायचे. पहिल्या दिवशी हाताच्या शिरेतून औषध दिलं, मग किरणांच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गोळ्या. पहिला आठवडा आबांना काहीच झालं नाही. किरणं घेऊन आले की उभ्यानं चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "नुसता दिवा लावत्यात. कळतबी न्हाई." मला वाटलं, मॅडम उगीच घाबरवत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात कातडी गेली.

ते मला सांगायचे नाहीत, पण चालीवरून कळायचं. पाय फाकवून, भिंत धरून चालायचे. जेवण सोडलं, कारण जेवलं की शौचाला जावं लागायचं. संडासात जाताना खांद्यावरचा पंचा बरोबर न्यायचे. तो कशाला, हे मला नंतर कळलं. आतून येणारा आवाज दाबायला ते पंच्याचा बोळा दातांत धरायचे. तरी आवाज यायचाच. मी बाहेर नळाजवळ बादली भरत उभी राहायचे. बादली भरून वाहायची तरी नळ चालू ठेवायचे, पाण्याच्या आवाजानं त्यांना वाटावं की मला काही ऐकू येत नाही.

किरणांच्या खोलीतल्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "कोमट पाण्याच्या टबात बसवा दिवसातून तीन वेळा. मग हलक्या हातानं टिपून हे मलम लावा. त्यांचा हात तिथवर नीट पोचत नाही. कोण लावतं मलम?"

"त्यांचं तेच."

"नाही लावत ते. जखमा बघून कळतं ना आम्हाला. घरात पुरुष माणूस कोणी?"

पुरुष माणूस तेव्हा नागपूरच्या रस्त्यावर होता. बँडमधल्या पुतण्याला बोलवू का, असं मी आबांना विचारलं, तर ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "साऱ्या बँडला कळवायचंय व्हय?"

मी टब आणला, पाणी कोमट करून मोरीत ठेवलं आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. रोज तीन वेळा. याहून जास्त मी काय करू शकत होते? आत पाण्याचा चुळूक आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. पहिलं मलम मी उघडून बघितलं तर जसंच्या तसं होतं. दुसरं आणून ठेवलं. तेही तसंच.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "मी आता येत न्हाई. पुरं झालं. गावाकडं जायाचं."

"आबा, थोडीच राहिल्यात."

"तू जा. तू घे."

आयुष्यात माझ्याशी असं ते कधी बोलले नव्हते. तोंड काळंठिक्कर पडलं होतं. टबात पाणी ओतलं आणि बाहेर गेले. जरा वेळानं आत काहीतरी धाडकन पडलं.

दाराला आतून कडी होती. मी हाका मारल्या. मालकीणबाई आल्या, दोघींनी मिळून दाराला धक्के दिले. लाकूड जुनं होतं, कडीचा खिळा निघाला. आबा मोरीच्या कठड्यावर डोकं टेकून पडले होते. शुद्धीत होते. अंगावर काही नव्हतं. टब कलंडून पाणी खोलीभर झालं होतं आणि पाण्यात लाल रेघा होत्या.

"भाईर जा," ते म्हणाले. "भाईर जा गं. जा. बघू नगं."

मी मालकीणबाईंना म्हटलं, तुम्ही जावा. दार लोटून घेतलं. चादर ओढून त्यांच्या अंगावर टाकली, बगलेत हात घालून त्यांना उठवलं. बँडवाल्याचं शरीर, उंचपुरं, पण तेव्हा ते पोरीएवढं हलकं झालं होतं. कॉटवर पालथं घातलं. ते रडत होते. म्हातारा पुरुष रडताना मी त्याआधी बघितलेला नव्हता.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही माझ्याकडं बघू नका. भिताडाकडं बघा. मी पुसून घेते."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

ती जखम कशी होती ते मी सांगणार नाही. कोमट पाण्यात मऊ फडकं भिजवून मी टिपत गेले. मलम लावताना ते जोरात श्वास घ्यायचे आणि भिंतीवर बोटं आपटायची. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ती बोटं नुसती आपटत नव्हती. क्लॅरनेटवर चालतात तशी चालत होती. वेदना सहन व्हावी म्हणून ते भिंतीवर एक चाल वाजवत होते.

मलम लावून झालं. त्यांच्या अंगावर चादर सारखी करून मी स्टोव्ह पेटवला. मग ते भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, "किती वाजता जायाचं किरणाला?"

त्यानंतर किरणं संपेपर्यंत आणि पुढं गावाकडं जखम भरेपर्यंत रोज ते काम मीच केलं. त्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. घरी आल्यावर पुन्हा ते अंगणातून खाकरायचे, पुन्हा मी पदर घेऊन बाजूला व्हायचे, जणू मिरजेत काही घडलंच नव्हतं.

आणि आम्हाला वाटलं, जिंकलो. कातडी भरली. रक्त थांबलं. आबा बाजेवर बसायला लागले. तीन महिन्यांनी मॅडमनी तपासलं. गाठ लहान झाली होती, पण गेली नव्हती. "घाई करायची नाही," त्या म्हणाल्या. "किरणांचं काम पुढंही चालू राहतं. सहा महिन्यांपर्यंत विरघळते कधीकधी. वाट बघू."

आम्ही वाट बघितली. सहाव्या महिन्यात त्यांनी पुन्हा तुकडा काढला, आणि त्यात आजार निघाला.

"आता ऑपरेशन," मॅडमनी सांगितलं. या खेपेला बजरंग सोबत होता आणि आबाही खोलीत होते, पण आबा खिडकीबाहेर बघत होते. "थांबण्यात अर्थ नाही. आता गाठ जागच्या जागी आहे, पूर्ण काढता येईल. पिशवी राहील, पण माणूस राहील. वाजवायचं मात्र जपून. पोटावर फार जोर दिला तर पिशवीच्या जागी आतडं पुढं येतं."

मॅडमनी त्याच दिवशी आम्हाला एका माणसाला भेटवलं. शिरोळकडचे मगदूम अण्णा, द्राक्षबागवाले. नऊ वर्षं त्यांच्या पोटावर पिशवी होती. शर्ट वर करून त्यांनी सरळ दाखवली. "बघा की. ह्याच्यासकट मी बागंत औषध मारतोय, पोरीच्या लग्नात नाचलोय. माझी मी बदलतो, बायकूनं आजपातुर हात लावला न्हाई. सुरवातीला चार दिवस वंगाळ वाटतंय, मग खिशात रुमाल असतोय तसं."

आबा त्या पिशवीकडं बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "लई उपकार." एसटीत बजरंगला म्हणाले, "एवढी लग्नसराई हू दे."

लग्नसराई सुरू झाली. आबा कोट घालून बँडबरोबर जायला लागले. बजरंग त्यांना समजवायचा, मग चिडायचा, मग ट्रक घेऊन निघून जायचा. "एका वाजंत्रीपायी जीव घालवाय निघालाय म्हातारा," तो मला म्हणायचा. "तुझं ऐकतील. तू बोल." मॅडमच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी सांगितलं, येतो. आबांना सांगितलं तर ते मान हलवायचे. माणसाला हाताला धरून ऑपरेशनच्या टेबलावर कसं झोपवणार?

वैशाख संपत आला तेव्हा एका दुपारी मला राहवलं नाही. आबा अंगणात बाजेवर होते. मी पदर घेतला आणि समोर जाऊन जमिनीवर बसले. त्यांनी दचकून बघितलं.

"आबा, क्लॅरनेट जिवापरीस मोठं हाय का?"

"क्लॅरनेट?" त्यांना खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि ते हसले. "तुला तसं वाटलं व्हय? अगं, ही बोटं बघ." त्यांनी हात पुढं केले. बोटांची टोकं सालपटली होती, गुळगुळीत झाली होती. "त्या गोळ्यांनी बधिर झाल्यात. भोकावर बोट बसलंय का न्हाई तेच कळत न्हाई. साऱ्या लग्नसराईत मी नुसता तोंडाला लावून उभा हुतो. वाजवत पुतण्या हुता."

"मग ऑपरेशन का करत न्हाई?"

ते बाजेच्या सुंभाशी चाळा करत राहिले.

"पिशवी ह्या बोटांनी मला लावाय यील?" ते म्हणाले. "त्या मगदूमाची बोटं धड हायती. मला न्हाई लावाय यायची. मग कोण लावंल? बजरंग रस्त्यावर. परत तूच." त्यांचा आवाज खाली गेला. "तू म्हणलीस भिताडाकडं बघा. बघितलं मी. पर रोज तू ताट वाढतीस तवा मला तुझं ते हात दिसत्यात. घास जात न्हाई माझा. तुझ्या बानं लेक दिली ती काय ह्यासाठी दिली? एक डाव झालं. आता मरंस्तवर रोज तुझ्याकडनं ते करून घ्यायाचं, ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. त्यापरीस जातो."

मला वाटत होतं, त्या दिवशी मी दार फोडून आत गेले म्हणून हा माणूस जगला. आणि तो मात्र त्याचपायी मरायला तयार होता.

मी म्हणाले, "मला त्याची किळस न्हाई वाटली, आबा. कधीच न्हाई."

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्येनंच तर."

मी त्याच संध्याकाळी बजरंगला फोन करून सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. चौथ्या दिवशी तो रिकाम्या हातानं घरी आला. मालकाला ट्रकची किल्ली देऊन आला होता. आल्या आल्या आबांच्या समोर जाऊन बसला.

"मी ऱ्हातो घरात. पिशवी मी लावतो. तुम्ही मला लहानपणी धुतलं न्हाई व्हय?"

"तुझी आय धुवायची," आबा म्हणाले.

"मग तिच्या जागी मी."

आबा त्याच्याकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. "बरं," म्हणाले. "चला मग."

आम्ही तिघं मिरजेला गेलो. ऑपरेशनच्या आधी पुन्हा सगळ्या अंगाचा स्कॅन करावा लागतो. तो झाला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. त्यांचा चेहरा बघूनच बजरंगनं माझा हात धरला, सासऱ्यांच्या देखत.

"यकृतात गेलाय," त्या म्हणाल्या. "तीन-चार ठिकाणी. आता खालचं कापून उपयोग नाही. सलाइनमधून औषधं देता येतील. त्यानं काही महिने मिळतात, दुखणं आटोक्यात राहतं. बरं करणारं आता काही नाही."

आबांनी विचारलं, "लग्नसराईच्या आदी आलो असतो तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, आबा. तेव्हाही आत असेल, दिसत नसेल. नसेलही."

आबांनी मान डोलावली. बजरंग मात्र त्या उत्तराला कायमचा चिकटून राहिला. अजूनही कधी जेवताना मधेच थांबून विचारतो, "असंल का गं तवा आत?" मी म्हणते, असेल.

औषधाच्या काही खेपा घेतल्या. मग आबांनीच नको म्हटलं, आणि मॅडमही बरं म्हणाल्या. दुखण्यावर तोंडातून घ्यायचं कडू औषध दिलं होतं, ते दर चार तासांनी द्यायचं. बजरंगनं शब्द पाळला. शेवटचे दोन महिने त्यानं बापाचं सगळं केलं. ज्याला फोनवर ऐकवत नव्हतं तो आंघोळ घालायचा, पालथं घालायचा, पुसायचा. मी पाणी तापवून दारात ठेवायचे. आबा दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेले, दुपारी, झोपेत.

दहाव्याला घर भरलं होतं. बाहेर मांडवात पुरुष, आत बायका. मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी बजरंगला विचारलं, "काय झालं हुतं नेमकं?"

"कॅन्सर," बजरंग म्हणाला. "पोटाचा."

तसं सांगायचं आमचं ठरलं नव्हतं, पण दीड वर्ष आम्ही सगळ्यांना तेच सांगत आलो होतो. 'पोटाचा' म्हटलं की लोक मान हलवायचे आणि पुढचं विचारायचे नाहीत. त्या दिवशी मला काय झालं कुणास ठाऊक.

"पोटाचा न्हाई," मी म्हणाले. "गुदद्वाराचा. संडासच्या जागंचा. दोन वर्षं रक्त पडत हुतं आणि आम्ही मूळव्याध म्हणून बसलो."

एक मामा खोकले. बजरंगनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या पुरुषांसमोर सुनेनं तो शब्द उच्चारला म्हणून आतल्या बायकांत कुजबूज झाली, ती मला ऐकू आली. मी चहा देऊन आत गेले.

पाहुणे पांगले त्याच्या दुसऱ्या दिवशी हौसाकाकी आली. आबांच्या चुलतभावाची बायको, पन्नाशीची, कायम मोठ्यानं बोलणारी. ती मागच्या दारानं आली आणि चुलीजवळ बसून राहिली. मग इतक्या हळू बोलली की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"मलाबी पडतंय. रक्त. सात-आठ महिनं झालं."

"कुणाला दाखवलं?"

"कुणाला दाखवू बाई? जागा का ती दाखवायची?"

मी तिला घेऊन मिरजेला गेले. ती सबंध रस्ताभर देवाचं नाव घेत होती. आणि मी मनात सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. गल्लीतली खोली, टब, मलम, भिंत. मॅडमनी तिला आत घेतलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. पडद्यामागं काकीचा "अगं आई" असा आवाज आला, मग मॅडमचं बोलणं. मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"मूळव्याध आहे," त्या म्हणाल्या. "नीट बघितलं. साधी मूळव्याध. पथ्य, गोळ्या, बरी होईल."

काकी लुगडं सारखं करत बाहेर आली. तिचा नेहमीचा आवाज परत आला होता. "मूळव्याधच हाय म्हणत्यात गं! उगी माझा जीव टांगणीला लावलास. चल, कायतरी खाऊ. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

मला बाकावरून उठता येईना. आबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, बायका गळ्यात पडून रडल्या तेव्हाही मला रडू आलं नव्हतं. मूळव्याध. हाच एक शब्द आम्ही दोन वर्षं धरून बसलो होतो, आणि तो या बाईच्या बाबतीत खरा निघाला. तोंडात पदर कोंबून मी हुंदके देत राहिले. काकी घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "न्हाई, काय न्हाई झालं. चांगलंच झालंय."